डहाळ्याचं टोक

पिवळ्या ऑइलपेंटचा डबा, दोन इंची ब्रश, कोयता आणि फडक्यात दोन भाकऱ्या, एवढं घेऊन मी गेली अकरा वर्षं सकाळी घराबाहेर पडते. शिराळ्याच्या बाजारात कुणी विचारलं की सांगते, वाटा राखते. समोरचा म्हणतो, "कुणापासनं?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर आहे, झाडांपासून.

आमचं गाव वारणेला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या खोऱ्यात आहे. नदीला लागून ऊस, त्याच्या वर जांभूळ, हिरडा, अंजनाची झाडी, झाडीत पायऱ्या-पायऱ्यांनी तीन तळी आणि सगळ्यात वर खिंड. खिंड ओलांडली की सडा लागतो, म्हणजे कातळाचा उघडा माळ. तिथून पुढं कोकणात उतरता येतं. या सगळ्यातून पूर्वी गुरांच्या, लाकूडफाट्याच्या, देवाला जायच्या वाटा होत्या. घरोघरी गॅस आला, गुरं कमी झाली आणि वाटा बुजायला लागल्या. जिच्यावरून कुणी जात नाही ती वाट दोन पावसाळे टिकते. पहिल्या पावसाळ्यात गवत येतं, दुसऱ्यात घाणेरी. तिसऱ्या वर्षी तिथं वाट होती हे सांगूनही पटत नाही.

मग गावच्या समितीनं ठरवलं की शहरातल्या लोकांना चालायला या वाटा मोकळ्या करायच्या. समितीचे अध्यक्ष सर्जेराव आबा, सुभेदार होऊन फौजेतून आलेले. त्यांनी बैठकीत विचारलं, वर्षभर वाटा कोण बघणार? पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. मी म्हणाले, मी बघते. माझे मालक तेव्हा फौजेतून सुटून पुण्यात सिक्युरिटीला लागले होते, मुलगी लग्न होऊन बेंगलोरला गेली होती. घरात मी आणि एक म्हैस. म्हैस विकली आणि कामाला लागले.

लोकांना वाटतं, खुणा रंगवणं म्हणजे दिसेल त्या झाडाला पट्टा मारणं. तसं केलं तर डबा तासात संपेल आणि माणूस तरीही चुकेल. सरळ वाटेवर खूण लागत नाही. जिथं माणूस थांबून विचार करतो, तिथं लागते. दोन वाटा फुटतात तिथं एक, आणि फुटल्यावर वीस पावलांवर दुसरी, म्हणजे आलेल्याला कळतं की आपण बरोबर आलो. झाडापेक्षा दगड बरा, कारण झाड साल टाकतं. खूण डोळ्याच्या उंचीला हवी, पण कुणाच्या? मी माझ्या उंचीला करते. उंच पुरुषांनी वाकून बघावं.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. सगळ्या खुणा चढताना दिसतील अशा मारल्या. खिंडीपर्यंत माणसं झकास गेली. उतरताना एकालाही एक खूण दिसेना, कारण सगळ्या दगडांच्या पाठी कोऱ्या. सांगलीच्या बँकेतली नऊ माणसं भलत्याच गावात उतरली आणि तिथल्या लग्नात जेवून रात्रीच्या जीपनं परत आली. जेवण चांगलं होतं म्हणून तक्रार केली नाही. तेव्हापासून मी खूण मारली की पुढं जाते, मागं वळते आणि येणाऱ्याच्या डोळ्यानं बघते. निम्म्या वेळा पुन्हा ब्रश बुडवावा लागतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थाच्या मोबाइलवर सरळ रेघ तिसऱ्या तळ्यातून जात होती. मी म्हटलं, वाट डावीकडून आहे. ते म्हणाले, "मॅडम, सॅटेलाइट चुकत नाही." मी म्हटलं, सॅटेलाइट चुकत नसेल, पण त्याचे पाय भिजत नाहीत. ते कमरेएवढ्या पाण्यात जाऊन परत आले. एक नवरा-बायको पहिल्या फाट्यावर भांडले, एक डावीकडं गेलं, एक उजवीकडं. दोन्ही वाटा दुसऱ्या तळ्यापाशी मिळतात हे मी त्यांना सांगितलं नाही. कराडजवळच्या मलकापूरहून एक निवृत्त मास्तर दर महिन्याला यायचे आणि माझ्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ खडूनं सुधारून जायचे. गेली तीन वर्षं आलेले नाहीत. मी चौकशी केली नाही. पाट्या मात्र आता आधी मुलीला फोटो पाठवून विचारून घेते.

हे सगळं शनिवार-रविवारचं. सोमवार ते शुक्रवार वाटेवर मी एकटीच. सुरुवातीला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, ती मोडली. माकडं उत्तर देत नाहीत आणि आपणच आपल्याला दिलेलं उत्तर खरं वाटायला लागतं. काही आठवडे असे जातात की सोमवारी दुकानदाराला "साखर" म्हटलं तो शब्द आणि शुक्रवारी "चहापत्ती" म्हटलं तो, एवढंच बोलणं. तक्रार नाही. काम तसं आहे.

या वाटेवर एकच घर होतं. दुसऱ्या तळ्याच्या वरच्या अंगाला आबांच्या रानात एक छप्पर आहे, तिथं तानूमावशी राहायची. खालच्या रस्त्यापासून तळ्यापर्यंतची वाट तेवढी गाडी जाईल अशी रुंद आहे.

मावशी आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरची. दिवाळी झाली की तिकडचे वाडे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचे. वाडा म्हणजे दहा-पाच घरांची माणसं, घोडी, कुत्री आणि मेंढरं. मावशीचा वाडा जाता-येता आमच्या खोऱ्यातून जायचा. सात वर्षांपूर्वी तिचा गुडघा टम्म सुजला आणि खिंड चढवेना. मुलगा बिरू आबांना म्हणाला, "परतीला घिऊन जातो आईला." परतीला गुडघा बरा नव्हता. पुढच्या खेपेला मावशीच म्हणाली की ऱ्हाते हितंच, येता-जाता दिसताच की. आबांच्या शाळूवरची पाखरं हाकायची, कोंबड्या पाळायच्या आणि वर्षातून दोनदा मेंढरांना हात लावायचा, असं तिचं चाललं.

माझी दुपारची भाकरी तिच्या दारात व्हायची. ती भांडून बोलायची. "आगं बाय, परवा त्वा तोडलेली घाणेरी फुटली बघ. मुळी ठिवतीस. काम करतीस का तिची हजामत?" मी म्हणायचे, "मग तू ये उपटायला." ती म्हणायची, "पगार तुला, आन् गुडघं माजं?"

तीन वर्षांपूर्वी वाडा आला नाही. मग परतीलाही आला नाही. बिरू मात्र मोटारसायकलवरून एकदा येऊन पीठ-मीठ देऊन गेला. मावशीनं विचारलं, "मेंढरं कुठायत?" तो म्हणाला, "फुडं हायत, पावण्यांसंगं." मला वाटेपर्यंत सोडायला आल्यासारखं करून तो तळ्याच्या बांधावर थांबला आणि खरं सांगितलं. आटपाडीला कालव्याचं पाणी आलं, त्यानं डाळिंब लावलं आणि मेंढरं विकली. "ताई, आईला सांगू नका. मी सांगतो सवडीनं. घरला चल म्हणतोय तर म्हणती, मेंढरं घिऊन ये, मग येते. चार भितीत मला झोप येत न्हाई म्हणती."

मी म्हटलं, बरं.

त्यानं सवडीनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तो दोन-चार महिन्यांनी यायचा, "फुडं हायत" म्हणायचा आणि माझ्याकडं न बघता गाडीला किक मारायचा. मावशी मला विचारायची, "औंदा कोणत्या वाटंनं गेली असतील?" मी म्हणायचे, "असतील कुठल्या तरी." मी स्वतःला सांगत होते की हा त्यांच्या घरचा मामला आहे. ते निम्मं खरं होतं. दुसरं निम्मं असं की मेंढरं नाहीत हे कळलं असतं तर मावशीला इथं राहायचं कारण उरलं नसतं. मग चार मैलांत दुपारी भाकरी खाताना समोर कुणी नसतं. मी हिशेबी बाई आहे, हे मला त्या वेळीही कळत होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. दुसऱ्या तळ्यापाशी दोन वाटा फुटतात. एक काठानं तळ्याला वळसा घालते, दुसरी खिंडीकडं चढते. परतीच्या पावसात काठाची वाट खचली होती. पाटी करून आणीपर्यंत लोकांना अडवायचं म्हणून मी जांभळाचा एक ओला डहाळा कोयत्यानं तोडला आणि काठाच्या वाटेवर आडवा टाकला. ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे. आडवा डहाळा दिसला की इकडं जाऊ नका, एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं. टाकला आणि शिराळ्याला पाटी रंगवून घ्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाटी घेऊन आले तर मावशीच्या छपराचं दार ओढून घेतलेलं. हाका मारल्या. मग काठाला गेले. खचलेल्या जागेखाली पाणी खोल आहे. मी धावत खाली रस्त्यापर्यंत गेले, कारण मोबाइलला रेंज तिथंच मिळते, आणि आबांना फोन केला. तासाभरात आबा सात-आठ माणसं, दोर आणि विहिरीतली घागर काढायचा गळ घेऊन आले. एकजण गळ तळ्यात सोडायला लागला.

मी परत छपरात गेले. उगीच बघत बसण्यापेक्षा काहीतरी बघावं म्हणून. घोंगडं नव्हतं. तवा नव्हता. आणि कोंबड्यांचं डालगं नव्हतं.

बाहेर येऊन म्हटलं, "आबा, गळ काढा. पाण्यात जाणारी बाई कोंबड्या घेऊन जात नाही."

आबा म्हणाले, "मग गेली कुठं? गुडघ्यानं चार पावलं टाकवत न्हाईत तिला."

खाली रस्त्याकडं गेली असती तर मला सकाळी आडवी आली असती. काठाची वाट खचलेली. राहिली खिंड. पुरुषांना मी दोन्ही बाजूंच्या ओढ्यांत पाठवलं आणि मी वाटेनं चढले, कारण वाट माझी होती. पाव मैलावर ओल्या मातीत काठीचं भोक दिसलं. त्याच्या पुढं पाऊल, एक सरळ, एक फरपटलेलं. दर पंधरा-वीस पावलांवर बसल्याची खूण आणि जवळ कोंबडीची घाण. मला ती वाट दीड तासाची. ती पहाटे कधीतरी निघाली असणार. उन्हात, त्या गुडघ्यानं, डोक्यावर डालगं. मी इतकी वर्षं दुसऱ्यांना वाट दाखवते, त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाच्या तरी मागं गेले.

खिंडीपलीकडं सड्यावर जिथं त्यांचा वाडा उतरायचा, तिथं ती बसली होती. तीन दगडांची चूल मांडून तिनं वर पाणी ठेवलं होतं. कोंबड्या डालग्याखाली. मला बघून तिला काही नवल वाटलं नाही.

"आलीस व्हय? बस. च्या करते. मेंढरं यायाला उशीर हाय."

मी धापा टाकत होते. "कोण येणार आहे?"

"बिरू. खूण टाकून गेलाय खाली. डहाळा टाकलाय, टोक खिंडीकडं. घाईत आसंल, मला उठीवलं न्हाई. न्हाईतर आसा जातूय का त्यो?"

मग तिनं मला समजावून सांगितलं, अडाण्याला सांगावं तसं. मेंढरं रानातून चरत येतात, बाया घोड्यांवर संसार लादून वाटेनं येतात. पुढं गेलेला माणूस फाट्यावर ओला डहाळा टाकतो. बुंधा आलो तिकडं, टोक गेलो तिकडं. मागच्यानं टोकाकडं यायचं. पान सुकलं असेल तर पाय उचलायचा, ओलं असेल तर सावकाश.

"वलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनून सावकाश आले."

मी खाली बसले. पाणी उकळायला लागलं होतं. तिनं चहापत्ती टाकली नाही, माझ्याकडं बघत राहिली.

"एक हाय बग," ती म्हणाली. "वाटंनं लेंडी न्हाई दिसली मला. येक बी. पावसानं व्हावून गेली म्हनावं, तर पाऊस कुठं झाला चार दिसांत?"

साठ वर्षं मेंढरामागं चाललेली बाई. तिला कळलं होतं. खिंड चढायच्या आधीच कळलं असणार. तरी चढली.

मी म्हटलं, "मावशी, डहाळा मी टाकला."

"का?"

"काठाची वाट खचलीय. कुणी जाऊ नये म्हणून."

"मग टोक खिंडीकडं कशाला केलंस?"

"टोकाचं मला माहीत नव्हतं."

"धा-अकरा वर्सं वाटा राखतीस," ती म्हणाली, "आन् टोक म्हाईत न्हाई."

वारा सुटला होता आणि चुलीचा धूर माझ्या बाजूला येत होता. तिनं काठीनं एक जळतं लाकूड आत सारलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं,

"इकली का त्यानं?"

हा प्रश्न मला नव्हता, पण उत्तर द्यायला मीच होते. "होय."

"समदी?"

"सगळी."

"म्होरक्या बी?"

म्होरक्या म्हणजे कळपाच्या पुढं चालणारा, गळ्यात घंटा असलेला बोकड. मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, सगळी म्हणाला.

"कवा?"

"दोन वर्षं होऊन गेली."

"तुला कवापासनं म्हाईत?"

मी सांगितलं. "दोन वर्षं."

ती रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर मला बरं पडलं असतं. तिनं उकळतं पाणी चुलीत ओतलं, राख चाळवून विझल्याची खात्री केली आणि तीनही दगड एकेक करून लांब ढकलले. पुन्हा तिथं चूल मांडायची नसली की असं करतात का, ते मी विचारलं नाही. "धर डालगं," ती म्हणाली. "माजं डोकं दुखतंय."

उतरायला आम्हाला चार तास लागले. एक हात माझ्या खांद्यावर, एक काठीवर. निम्म्या वाटेत ती एका दगडापाशी थांबली. त्याच्या पाठीला, उतरणाऱ्याला दिसेल अशी, माझी पिवळी खूण होती. तिनं बोट लावून बघितलं. "ह्ये बरं केलंस," म्हणाली. त्या दिवसात ती माझ्याशी आणखी एवढंच बोलली.

मी रस्त्यावर जाऊन बिरूला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईला मी सांगितलंय, आता तू येऊन काय ते बघ. तो म्हणाला, "बरं केलं ताई." त्याच्या आवाजावरून त्याला बरं वाटलंय असं जाणवलं नाही, पण ओझं उतरल्यासारखं जाणवलं.

मधले आठ-दहा दिवस मी रोज दुपारी गेले. भाकरी खाल्ली. ती घाणेरीवरून बोलली, शाळवावरून बोलली. मेंढरांचं नाव नाही. मी माफी मागायची असं दोनदा ठरवून गेले आणि पाट्यांबद्दल बोलून परत आले. मला ते जमत नाही. मालक म्हणतात, तुझी माफी म्हणजे जास्तीचं काम करणं. त्या आठवड्यात मी तिच्या छपरामागची सगळी घाणेरी मुळासकट काढली. तिनं मुळ्या बघितल्या.

रविवारी कोल्हापूरचे चाळीसजण आले होते. त्यांना घेऊन मी खिंडीत होते, तेव्हा बिरू पिकअप घेऊन आला. दुपारी चारला आम्ही उतरलो तेव्हा छपराला कडी होती, कडीत काटकी खोचलेली. अंगण झाडलेलं. कोंबड्यांची दोन पिसं. तिला चार भिंतीत झोप येईल की नाही कुणास ठाऊक. आबांनी सांगितलं की ती मुकाट्यानं गाडीत बसली, फक्त खालच्या फाट्यावर गाडी थांबवून उतरली आणि कोयता मागितला. बिरू म्हणाला, "आता गं कशाला?" तर म्हणाली, "गप. मागं माणूस हाय."

खालच्या फाट्यावर आमची वाट गाडीरस्त्याला मिळते. मी लोकांना पुढं बसकडं पाठवलं आणि थांबले. वाटेच्या कडेला जांभळाचा डहाळा होता, हातभर, नीट तिरका तोडलेला. बुंधा तळ्याकडं. टोक रस्त्याकडं, पूर्वेला, आटपाडीच्या बाजूला.

वाटेवर पडलेली फांदी उचलून टाकणं हे माझं कामच आहे. त्या दिवशी पानं ओली होती. मी त्या डहाळ्याला वळसा घालून घरी गेले, आणि तो पानं गळून, वाळून, पावसात कुजून जाईपर्यंत रोज वळसाच घातला. आता दुपारची भाकरी मी तळ्याच्या बांधावर खाते. छपराकडं जाणारी वाट आमच्या नकाशात नाही, तिच्यावर कुणी जात नाही. दर आठवड्याला कोयता घेऊन तेवढी चाळीस पावलं मी साफ करते.